तीन खेळांचा सौदा

तात्या परबांनी मला फसवलं. सौदा तीन खेळांचा ठरला होता. त्यांनी एक केला आणि निघून गेले. मी आयुष्यभर सौदेच करत आलो आहे, मांडववाल्यांशी, व्हिसाच्या दलालांशी, परदेशातल्या नाट्यगृहांच्या मॅनेजरांशी, आणि त्यांतल्या एकालाही मी असा शब्द मोडून जाऊ दिलेला नाही. एकटे तात्या सुटले. मुलाखतीत मला विचारतात, तुमचे गुरू कोण, तेव्हा मी त्यांचंच नाव घेतो. पण नाव घेतल्यावर पुढे त्यांनी काय केलं ते सांगायला लागलो, की समोरची मंडळी घाईघाईने दुसऱ्या प्रश्नाकडे वळतात. इथे मला कोणी थांबवणार नाही, म्हणून इथे सगळं सांगतो.

आम्ही मुरुडचे सिद्दी. कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज; रंग, केस, ओठ तिकडचे आणि जीभ रायगडची. अब्बा सौदीत, दम्मामच्या बंदरात क्रेन चालवत. मी सातवीपर्यंत मुरुडला मराठी शाळेत शिकलो आणि मग अम्मीबरोबर दम्मामला आलो, तिथल्या इंग्रजी शाळेत मागच्या बाकावर. आमचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतला एसी दिवसभर घरघरत असायचा, त्यामुळे आमच्या घरात कोणी हळू बोलतच नसे. साधं मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं. अम्मी मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या थापायची आणि प्रत्येक भाकरीला त्या पिठाच्या चिकटपणाला एकेक शिवी द्यायची. शेजारच्या मल्याळी कुटुंबाचा कुकर आमच्यापेक्षा पाच मिनिटं आधी शिट्टी द्यायचा, याचाही तिला राग. शुक्रवारी सकाळी कनद आणायचा, म्हणजे आपली सुरमई, आणि तिचं नारळाचं कालवण. अब्बा जेवताना एक शब्द बोलत नसत. काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने लावत, जशी बंदरावरची खोकी.

मासळीबाजारात मला माझ्या तोंडाची किंमत कळली. माझ्याकडे बघून तिथले विक्रेते मला स्थानिक समजायचे, कारण त्या किनाऱ्यावर आमच्यासारख्या रंगाची खूप सौदी माणसं आहेत. मग मी अम्मीला सांगून ठेवलं, तू काळा अबाया घालून माझ्यामागे नुसती उभी राहा, बोललीस तर भाव वाढेल. अरबी मी रस्त्यावर शिकलो होतो, शिव्यांसकट. मी कनदचे कल्ले उघडून बघायचो, तोंड वाकडं करायचो, दुसऱ्या गाळ्याकडे चार पावलं चालायचो, आणि मागून हाक यायची, यल्ला, घेऊन जा. घरी येताना अम्मी अबायाच्या आत हसत असायची. तोच चेहरा आपल्या लोकांत मात्र उलटा चालायचा. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या घरी अम्मीबरोबर गेलो, की मला इंग्रजीत विचारायचे, वुड यू लाइक सम वॉटर. मी म्हणायचो, माठातलं असेल तर द्या. मग पंधरा मिनिटं चर्चा, याला मराठी कसं काय येतं. माझा रागीट स्वभाव तिथे तयार झाला. आता पन्नाशी ओलांडली तरी तो गेलेला नाही, आणि पनवेलच्या या घरात माझ्याकडे येणारे प्लंबर त्याची साक्ष देतील.

आणखी एक गोष्ट होती. मला पुरुष आवडायचे. हे मला तेराव्या वर्षीच कळलं होतं आणि त्यात मला फार काही गोंधळ वाटला नाही. गोंधळ इतकाच, की हे ठेवायचं कुठे. घराबाहेर कायदा आणि घरात अब्बा. म्हणून मी चाल सुधारली. हात खिशात ठेवायचे, मान हलवायची नाही, जिना धाडधाड उतरायचा. शाळेत तरी मुलं हसायचीच, म्हणजे मेहनत करूनही माल खपत नव्हता.

बारावीनंतर अब्बांनी ओळख काढून मला एका खासगी इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीवर लावलं. अरबी, हिंदी, मराठी, इंग्रजी, चारही येत होत्या. माझ्या खिडकीवर पेशंटपेक्षा कामगार जास्त यायचे, पासपोर्टवरचा अरबी शिक्का वाचून घ्यायला. एक शिक्का सुट्टीचा असायचा, खुरूज व औदा, जा आणि परत या. दुसरा खुरूज निहाई, कायमचे जा. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, कधी कधी एकाचं सांगून दुसरा मारायचा. बिचारे पासपोर्ट पुढे करून विचारायचे, भाई, वापस आ सकता है ना? मी एका नजरेत सांगायचो. या कामात माझा मोठा दरारा होता.

गणवेशाची पँट सैल होती म्हणून मला तळमजल्यावर लिनन रूममध्ये पाठवलं. तिथे चादरींच्या डोंगरामागे शिलाई मशिनवर एक बारीक, गोरा, टक्कल पडलेला माणूस बसला होता. हे तात्या परब, कुडाळकडचे, इस्पितळाचे शिंपी. वीस वर्षं तिथे चादरी आणि गाऊन शिवत होते. त्यांनी माप घेतलं, मी निघालो, तर म्हणाले, "झिला, परत चाल बगुया."

मला वाटलं, आता हा हसणार. मी म्हणालो, "कशाला? पँटचं माप झालं ना?"

"पँटीचा जाला. तुझा जावक नाय. तू अर्धी चाल चालतंस. अर्धी बाई, अर्धो बुवा. लोक हसतत ते त्या अर्ध्याक हसतत. सगळी चाल, मगे बगुया कोण हसता."

मी भडकलो. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. तात्यांनी शांतपणे तोंडातल्या टाचण्या काढल्या, उठले, डोक्यावरून एक धुतलेली चादर घेतली आणि त्या डोंगरांमधून दहा पावलं चालले. मी बघतच राहिलो. पन्नाशीचा टकला शिंपी गेला आणि तिथून एक राणी चालत आली, जिला कोणाचीही घाई नव्हती. परत येऊन त्यांनी चादर घडी करून ठेवली. गावाकडे दशावतारात पंधरा वर्षं त्यांनी बायांची कामं केली होती. घर चालेना म्हणून आखातात आले. "हयसर कोणाक म्हायती नाय," ते म्हणाले, "आणि तू सांगशीत तर तुझी पँट आखूड करून ठेयन."

तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत मी लिनन रूममध्ये. चादर घडी घालायला दोन माणसं लागतात, हे तात्यांचं निमित्त. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. ते एक वाक्य टाकत आणि पुढे येत, मी उत्तर देत पुढे जायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं, पुढचं वाक्य. उत्तराला उशीर झाला की चादरीला सुरकुती पडायची आणि ती पुन्हा झटकायची. दशावतारात संहिता नसते. गोष्ट काय ते आधी ठरतं, बोलणं सगळं उभ्या उभ्या. मी एकदा वही आणली, तर त्यांनी ती घेऊन तिच्यावर इस्त्री ठेवली. "लिवलेला शिळा जाता," म्हणाले. एरवी मालवणीत बोलणारे तात्या राजा झाले, की अस्सल पोथीतलं मराठी बोलायचे, "हे प्रिये, तुझ्या नेत्रांत हा क्रोध कसला?" आणि मी घाईत म्हणून जायचो, "तुम्ही सकाळपासून पँट दिली नाही म्हणून." मग चादर टाकून दोघंही हसत बसायचो. एवढा हसलो मी नंतर कधी नाही. आज माझ्या कार्यशाळांना मुलं येतात आणि लॅपटॉप उघडतात. मी त्यांना चादरी देतो. त्यांना वाटतं ही काही नवी पद्धत आहे.

मराठी मंडळींचं वार्षिक संमेलन शहराबाहेरच्या एका इस्तिराहामध्ये व्हायचं, म्हणजे भाड्याने मिळणारी भिंतीआडची बाग, मध्ये हॉल. शुक्रवारचं जेवण, मग गाणी, मुलांचे नाच. त्या वर्षी भूल देणाऱ्या जोगळेकर मॅडम प्रमुख होत्या. ऑपरेशन थिएटरच्या गाऊनचं माप द्यायला त्या आल्या आणि आमचं सोंग त्यांनी दारातून ऐकलं. लगेच म्हणाल्या, चाळीस मिनिटं देते, करा. तात्यांनी गोष्ट निवडली ती राजा-राणीची. राजा लोकांचं ऐकून राणीला वनात धाडतो, मग चूक कळते, आणायला जातो, ती क्षमा करते. देव एकही नाही. "देवांका हयसर इकामा गावना नाय," तात्या म्हणाले, इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, "राजा चलतलो."

राणी मी असणार हे कळल्यावर मॅडम जरा अडखळल्या. "तात्या, मुलगा गुणी आहे, पण राणी म्हणजे... लोकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं ना. याला राक्षसाचं काही काम नाही का? नाहीतर निदान सफेदा तरी..."

मी तोंड उघडणार होतो. तात्यांनी टाचणी माझ्या दंडाला लावली.

"मॅडम, राणी खंयची ता मी सांगलंय? राणी जंजिऱ्याची. थंय राजे कोण होते ता इतिहासाच्या पुस्तकात बगा. ह्या तोंडाक सफेदो लावूचो नाय. ह्या तोंडार कुंकू असा दिसतला, जसो चुलीत निखारो."

मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मग नथ माझी घ्या. खरी आहे, हरवू नका."

आता सौद्याचं. अम्मी-अब्बा समोर बसणार, तीनशे लोक, आणि मी नऊवारीत. मला ताप यायची वेळ आली. पण फुकट घाबरणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी अट घातली. म्हणालो, तात्या, एका खेळासाठी मी एवढी जोखीम घेणार नाही. लोक एकदा हसतील आणि तीच गोष्ट आयुष्यभर सांगतील. तीन खेळ करायचे. दम्माम, जुबैल आणि राबिघ. जुबैलच्या मंडळींनी विचारलं होतंच आणि राबिघच्या रिफायनरीतले रत्नागिरीकर मागे लागले होते. तिन्ही ठिकाणी राजा तुम्ही. तात्या पोलक्याला काज करत होते. त्यांनी सुई थांबवली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा सुई चालू केली. "तीन म्हणजे तीन," म्हणाले. "दिलो शब्द." मी हात पुढे केला, त्यांनी हात मिळवला. हे मी न्यायालयात सांगायला तयार आहे.

खेळ दुपारी, जेवणानंतर झाला, लोकांच्या हातात अजून जिलब्या होत्या. मी पडद्याआडून निघालो तेव्हा हॉलमध्ये एक हुंकार उठला आणि मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, अरे, हा रजिस्ट्रेशनवाला. थोडं हसू. मी खिशाकडे हात नेला, तर नऊवारीला खिसा कुठला? मग मी सगळी चाल चाललो. दहा पावलं. मागचं हसू थांबलं. पहिल्या रांगेत अम्मी तोंडाला पदर लावून, आणि अब्बा ताठ, क्रेनच्या केबिनमध्ये बसल्यासारखे.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. वनात राजा आला, चूक कबूल केली. आता त्याने "परत चल" म्हणायचं आणि मी क्षमा करायची. पण तात्यांनी ते म्हटलंच नाही. जवळ आले आणि पोथीतल्या मराठीत विचारलं, "राणी, एक सत्य सांग. या अरण्यात इतके दिवस तुला कोणाची आठवण आली? राजाची म्हणशील तर ते मला खोटं वाटेल."

हे ठरलं नव्हतं. तात्यांचे डोळे राजाचे नव्हते, लिनन रूमचे होते. उशीर केला तर सुरकुती पडणार. मी तोंड उघडलं आणि खरं बोललो. "महाराज, आठवण आली ती एका सारथ्याची. तो रथ सुसाट हाकतो. पण रस्त्यात उंचवटा आला, की मागच्या जखमी माणसाला धक्का लागू नये म्हणून घोड्यांना हळूच आवरतो, आणि एक हात मागे धरतो. तो हात त्याने माझ्यासाठी कधी धरला नाही. मी फक्त बघितला. मला तेवढाच आठवला."

आमच्या इस्पितळात एक सुदानी ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर होता. तो तिथे नव्हता. असता तरी त्याला मराठी कळलं नसतं. पण हॉलमध्ये एका पुरुषाने "वा" म्हटलं, आणि तात्या राजाच्या आवाजात म्हणाले, "मग मी राजा नव्हेच. ज्याला हात धरता आला नाही, त्याला मुकुट कसला?" त्यांनी मुकुट काढून माझ्या पायाशी ठेवला. क्षमा करायचीच राहिली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. जोगळेकर मॅडम आत येऊन रडल्या आणि रडता रडता नथेतले मोती मोजून ती परत घेतली.

घरी आल्यावर अब्बांनी एवढंच विचारलं, "मुकुट पत्र्याचा की पुठ्ठ्याचा?" मी म्हटलं, पुठ्ठ्याचा. ते म्हणाले, "लांबून पत्र्याचा वाटत होता," आणि झोपायला गेले. आमच्या घरात ही फार मोठी स्तुती होती. अम्मी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो सारथी कोण?"

"कोणी नाही अम्मी. गोष्टीतला."

तिने तवा दोनदा जास्त घासला. "बरं. गोष्टीतल्याला घरी जेवायला आणू नकोस. तुझ्या अब्बांना गोष्टी कळत नाहीत." मग म्हणाली, "मना कळतात." आणि तिने माझ्यासाठी झाकून ठेवलेला सुरमईचा मधला तुकडा पुढे सरकवला.

तो आठवडा मी जमिनीवर नव्हतो. तात्या म्हणाले, पंधरा दिवस गावाक जाऊन येतंय, आल्यार जुबैल. इस्पितळाचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा माणूस, त्याच्याकडून पासपोर्ट आणून दे म्हणाले, तू तिकडेच जातंस. मी गेलो. मंदूबला सारथ्याची गोष्ट अरबीत रंगवून सांगितली, तो खूश झाला. पासपोर्ट माझ्या हातात होता, तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत. साऱ्या दम्मामचे शिक्के वाचणारा मी. मी तो उघडला नाही. सुट्टीचा शिक्का कोण उघडून बघतो, आणि तोही तात्यांचा?

पंधरा दिवसांचे वीस झाले. मी लिनन रूममध्ये गेलो, तर मशिनवर एक बांगलादेशी शिंपी. मी विचारलं, परब कधी येणार. तो म्हणाला, "परब? खुरूज निहाई. खलास. दो महीना पहले अर्जी दिया था." दोन महिने आधी, म्हणजे आमच्या सौद्याच्या आधी. मी त्या गरिबावर इतका ओरडलो, की सिक्युरिटीवाला आला. ओरडणं संपल्यावर त्याने टेबलाखालून एक गाठोडं काढलं. तुमचं आहे, म्हणाला. आत नऊवारी आणि दोन नवी पोलकी, माझ्या मापाची, शिवणीत भरपूर माया ठेवलेली, पुढे अंगाने भरलो तर उसवून सैल करता यावीत म्हणून. आणि खाली राजाचा अंगरखा, तात्यांचाच, पण छाती आणि बाह्या उसवून पुन्हा शिवलेला. मी तो चढवला. मला बरोब्बर बसला. माझी छाती त्यांच्यापेक्षा चार बोटं रुंद होती. म्हणजे हे काम एका दिवसाचं नव्हतं. माझ्याशी हात मिळवणारा माणूस त्याच वेळी मला न विचारता मला राजा करून ठेवत होता.

जुबैलला मी रागाने नकार कळवला. राबिघला नाही म्हणता येईना, कारण त्यांनी जेद्दाचं तिकीट पाठवलं होतं आणि तिकीट वाया घालवणं मला जमत नाही. तिथे मी एका खांद्यावर अंगरखा आणि दुसऱ्यावर पदर घेऊन उभा राहिलो. डावीकडे वळलो की राजा, उजवीकडे वळलो की राणी. मीच प्रश्न टाकला, मीच उत्तर दिलं. रत्नागिरीच्या फिटर आणि वेल्डर मंडळींनी तीन वेळा थांबवून पुन्हा करायला लावलं. पुढे जगभर ज्या एकपात्री प्रयोगांनी माझं पोट भरलं, त्यांतला हा पहिला. पत्रकार म्हणतात, म्हणजे तुमच्या गुरूंनी जाणूनबुजून तुम्हाला स्वतंत्र केलं. लावू देत त्यांना अर्थ. मला स्वातंत्र्य नको होतं. मला राजा हवा होता, तीन वेळा, ठरल्याप्रमाणे.

तात्या आज कुडाळजवळ आहेत, वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, जीभ शाबूत. दर दिवाळीला मी फोन करतो आणि विषय काढतो. ते काजूचं सांगतात, कोंबड्यांचं सांगतात. गेल्या खेपेला मी आवाज चढवला, तर म्हणाले, "झिला, तू आधी चाय घे, मगे बोलुया," आणि फोन ठेवला.

म्हणून आता छापायला लिहितो, तात्या, जे तुम्हाला शिळं वाटेल. पुढच्या महिन्यात मी तुमच्या अंगणात येऊन उभा राहणार आहे, तात्या, आणि तुमच्या मुला-सुनांना, शेजाऱ्यांना ओसरीवर बसवणार आहे. अर्ज दिलेला असताना माझ्या हातात हात का दिलात? निरोप द्यायचा होता तर लिनन रूममध्ये द्यायचा, तीनशे लोकांसमोर मुकुट माझ्या पायाशी ठेवून, आणि मला तो नाटकातला वाटू देऊन, का दिलात? दोन खेळ बाकी आहेत. ते करणार की नाही, आणि नसाल करणार तर का, याचं उत्तर मला उभ्या उभ्या हवं. आणि चहा मी घरून पिऊन येणार आहे.